निळ्या एप्रनची नाडी

"जायचं तर जा, पण माझ्या मुलाचं नाव इथे ठेवून जा."

टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा करत तेरेझबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की शारोल्टा इटलीच्या स्पर्धेसाठी भरलेली बॅग बंद करायचीच विसरली. दीड वर्ष सासू तिच्याशी मिठापुरतं आणि किल्लीपुरतं बोलत होती... आणि आज तोंड उघडलं ते यासाठी!

लग्न झालं की हंगेरीतल्या बाईचं नाव माहेरच्या कपाटात राहतं. पासपोर्टावर, दारावरच्या पाटीवर, तलवारबाजीच्या संघाच्या यादीत शारोल्टा कुठेच नव्हती. होती ती 'बोडोर आकोशची बायको'. आणि बोडोर आकोश छातीच्या रोगाने गेला, त्या दिवशी ही बायको वॉर्सात स्पर्धा खेळत होती. तेरेझबाईंना एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

"माहेरचं नाव परत घे. कचेरीत अर्ज केला की मिळतं, मी विचारून आलेय," त्या म्हणाल्या. "त्याला एकट्याला मरू दिलंस. आता त्याच्या नावावर टाळ्या घेऊ नकोस."

शारोल्टाच्या ओठांशी सगळं आलं होतं. आकोश क्लबात तलवारी दुरुस्त करायचा. हात असा, की स्वतःच मोठा खेळाडू झाला असता. पण तिसऱ्या डावाला त्याचा दम संपायचा. ईस्टरपर्यंत काढेल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्याने घरी येता येता तिला शपथ घातली होती. "आईला कळता कामा नये. मी जिवंत असतानाच ती काळे कपडे घालील. आणि तू वॉर्साला जायचंस. मी कधी परदेशी यादीत पोचलो नाही, माझं नाव तरी पोचू दे." ती रडू लागली तसा तो पुढे म्हणाला होता, "नंतरही सांगू नकोस. मी तिच्यापासून लपवलं, हे तिला सोसायचं नाही. तुझ्यावर चिडेल ती. चिडू दे, तू तरुण आहेस, तुला पेलेल."

पेलत होतं का? कोण जाणे... पण शपथ ती शपथ.

"आई, नाव मी टाकणार नाही," एवढंच ती म्हणाली. "तुम्ही मला टाकलंत तरी."

तेरेझबाई ताडकन उठल्या आणि त्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या निळ्या एप्रनची पिन सुटली. या एप्रनची एक नाडी दीड वर्षापूर्वी नाहीशी झाली होती. तेव्हापासून उरलेली नाडी त्या पिनेने टाचत. नवी शिवायला काय राजवाडा विकावा लागतो का, असं शेजारच्या योलानमावशी विचारत, पण आमच्या तेरेझबाईंचा हट्ट म्हणजे हट्टच. पिन पुन्हा टोचून त्यांनी सुनेकडे पाठ फिरवली.

इटलीतल्या सभागृहात तलवारबाजीच्या लांबट, उजळ पट्ट्यावर चौथ्या दिवशी शारोल्टा उभी राहिली, तेव्हा जागतिक स्पर्धेतली सांघिक अंतिम लढत हंगेरीच्या बाजूने आठ-सात डावांवर येऊन ठेपली होती. शेवटचा डाव तिचा. जिंकला तर सुवर्ण. हरला तर आठ-आठ, आणि मग वारांच्या बेरजेत यजमान पुढे होते. समोर डावखुरी इटालियन पोरगी, आणि तिच्या पाठीशी ओरडून ओरडून घसा बसलेलं सारं सभागृह.

तीन-तीन झाले. चौथा वार ज्याचा, डाव त्याचा. आणि नेमकी तेव्हाच मुठीवर गुंडाळलेली कापडी पट्टी घामाने सुटून लोंबू लागली. तिला शिकवणाऱ्या आल्बिन मास्तरांनी दुसरी तलवार पुढे केली. तिने मान हलवली. मुखवटा वर करून सुटलेलं टोक दातांत धरलं, ओढलं आणि घट्ट खोचलं. निळ्या कापडावर पांढरे ठिपके... शेवटच्या आठवड्यात अंथरुणात बसून आकोशने ती मूठ बांधली होती आणि कापड कुठून चोरलं ते सांगताना खोकला येईपर्यंत हसला होता!

इटालियन पोरगी झेपावली. शारोल्टा मागे सरली नाही. पातं पात्यावरून घसरलं, मनगट जरासं वळलं, आणि वार लागल्याचा दिवा पेटला तो एकच, तिचा. सभागृह गप्प झालं आणि त्या शांततेत ध्वनिक्षेपकावर नाव घुमलं: बोडोर आकोशची बायको, हंगेरी.

ती बुडापेस्टला परतली, तेव्हा इमारतीच्या आतल्या चौकाभोवतीच्या चारही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. योलानमावशींनी तिला जिन्यातच गाठलं. रेडिओ त्यांनी खिडकीत ठेवला होता म्हणे, आणि तुझी सासू फुलझाडांना पाणी घालायचं सोंग करत कान देऊन उभी. एकाच कुंडीत अख्खी झारी ओतली, खालच्या मजल्यावरच्यांनी आरडाओरडा केला तरी शुद्ध नाही.

स्वयंपाकघरात पाप्रिका घातलेला बटाट्याचा रस्सा रटरटत होता. शारोल्टाने पदक टेबलावर ठेवलं. तेरेझबाईंनी त्याकडे पाहिलंच नाही. बॅगेतून बाहेर आलेल्या मुठीवर त्यांची नजर खिळली होती.

"हे कापड माझं आहे."

"हो, आई."

"कधी बांधलं त्याने?"

"मी वॉर्साला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी."

तेरेझबाई हळूच खुर्चीवर टेकल्या. बोटाने ती नाडी चाचपत राहिल्या. पाण्याच्या पेल्यालासुद्धा न उठणारा मुलगा एप्रनच्या कपाटापर्यंत चालत गेला होता... तो कशासाठी, हे त्या माउलीला आता कुणी सांगायला नको होतं.

"म्हणजे त्यानेच पाठवलं तुला," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं ठाऊक होतं."

शारोल्टा बोलली नाही. पण डोळ्यांना कुणी शपथ घातली नव्हती. ते वाहू लागले.

"आणि दीड वर्ष मला तुझ्यावर राग धरू दिलास, पोरी..."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून किती वेळ रडल्या, कोण मोजतो! रस्सा मात्र तळाला लागला. मग तेरेझबाईंनी डोळे पुसले, पिन काढली, एप्रनची उरलेली नाडी कच्चकन फाडली आणि सुनेच्या हातात दिली. "ती झिजलीय. पुढच्या वेळी ही बांध."

"आणि एप्रन?"

"एकीच्या जागी दोन पिना लावीन."

बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. बोडोर आकोशच्या बायकोला बाहेर आणा, म्हणून कठडे बडवत होते. तेरेझबाई सुनेचा हात धरून गॅलरीत आल्या आणि टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"माझ्या मुलाचं नाव तिने जगाला ऐकवलं," त्या म्हणाल्या. "आता तिचं तुम्ही ऐका. शारोल्टा म्हणतात तिला. माझी मुलगी आहे."