बोटीवरचा तास

बोटीची तिकिटं मुळात ताई आणि भाऊजींची होती. नोकरी संपली की समुद्र बघायचा, असं दोघांनी वर्षानुवर्षं घोकलं होतं. पैसे भरले, कपडे शिवून झाले आणि भाऊजी एका दुपारी झोपेतच गेले. तिकीट परत होत नव्हतं, नाव तेवढं बदलता येत होतं. म्हणून त्यांच्या जागी ताईची धाकटी बहीण निघाली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि शाळेतली पोरं म्हणत तसं आता सगळेच तिला बाई म्हणत. अगदी ताईसुद्धा, चिडवायचं असेल तेव्हा.

शाळेच्या इमारतीची डागडुजी चालू होती, त्यामुळे वर्ग ऑनलाइन भरत होते. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली, पण वाट दाखवली. "तास कुठूनही घ्या, फक्त बुडवू नका." बाईंनी बोटीवरचं इंटरनेट घेतलं.

"समुद्रावर येऊनही तुझे अपूर्णांकच," ताई म्हणाली. "तू शिकव. मी वर खुर्ची टाकून बसते. विणायला लोकर आणलीय, आणि विणून होईल इतका वेळ आहेच आता."

वर्गासाठी बाईंना बोटीवरचं छोटं वाचनालय सापडलं. तिथे कुणी फिरकत नसे. अर्धी कपाटं रिकामी, टेबलाचे पाय जमिनीला स्क्रूने जखडलेले, एकच गोल खिडकी. खालून यंत्रांची थरथर सतत यायची. काही वेळाने ती ऐकू येईनाशी व्हायची आणि नुसती दातांत जाणवायची. गालिच्याला ओल्या कपड्यांसारखा वास होता.

सुरुवातीला आवाज फार उशिरा पोचे. बाई "बोला" म्हणत आणि पेन्सिलीला टोक काढून होईतो उत्तर येई. इंटरनेटचं काम बघणारा माणूस म्हणाला, "आवाज आकाशात जाऊन परत येतो, बाई. उशीर होणारच." बाईंनी ते मान्य केलं. कारण कळलं की त्यांना कशाचा त्रास होत नसे.

मग एका सकाळी उशीर नाहीसा झाला. पोरं पटापट बोलू लागली. बाई खूश झाल्या, कारण वर्गाला इतका रंग कधी चढला नव्हता. अर्ध्या तासानंतर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न तोंडातून पुरता बाहेर पडण्याआधीच उत्तर येतंय.

वर्गात एक मुलगी होती. तिच्या शंका कधी संपत नसत, म्हणून मुलगी असूनही सगळे तिला शंकासुर म्हणत. तीही त्या नावाला ओ देई. बाईंनी ठरवलं, आता पोरांच्या अंदाजाबाहेरची संख्या द्यायची. कपाटातलं एक जाडजूड पुस्तक उचललं. जे पान उघडेल त्याचा आकडा घ्यायचा आणि त्याला अकराने भागायला सांगायचं. पुस्तक अजून मिटलेलंच होतं, तेवढ्यात पडद्यावरून शंकासुर म्हणाली, "एकशे सत्त्याऐंशीला अकराने भाग गेला, बाई. उत्तर सतरा. आता पुढचं द्या."

बाईंनी पुस्तक उघडलं. पान एकशे सत्त्याऐंशी.

"काय झालं, बाई?" कुणीतरी विचारलं. त्यावर बाई काही बोलायच्या आत पडदा गोठला. पोरांचे चेहरे आपापल्या चौकटीत थिजले, कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात नाकाशी. संपर्क पुन्हा जुळलाच नाही.

इंटरनेटवाला माणूस त्यांचं ऐकून हसला. "उशीर होतो हे कबूल. पण बोलण्याआधीच कसं पोचेल? पोरं बनवतात तुम्हाला."

बाईंनाही तसंच वाटायला हवं होतं. जेवताना त्यांनी ताईला हे गंमत म्हणून सांगितलं. ताई ऐकत नव्हती. ती खिडकीतून खाली बघत होती. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि कुठे जायची घाई म्हणून नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी वर्गात गडबड नव्हती. सगळ्या चौकटी भरलेल्या, पोरं ताठ बसलेली. वडीलधाऱ्यांनी घरून समजावून पाठवावं तशी. बाईंनी पडद्यावरचा फळा पुसला. शेवटी शंकासुरलाच राहवलं नाही.

"बाई, ताई सापडल्या का?"

बाईंनी वर्गात कधी ताईचा उल्लेखही केला नव्हता. "कोण ताई? तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच ना, बाई. काल पडदा पुन्हा जुळल्यावर, तास संपताना." मुलगी चाचरली. "कठड्याशी नुसत्या चपला होत्या, म्हणालात. मग तुम्हाला बोलवेना."

बाईंनी लॅपटॉपही मिटला नाही. तशाच उठल्या आणि जिना चढू लागल्या. वाटेत कुणी हसून काही बोललं, कुणाच्या हातातला पेला सांडला. वरच्या डेकवर लख्ख ऊन होतं. ताईची खुर्ची होती, खुर्चीवर लोकर होती, सुया होत्या.

ताई मागच्या कठड्याशी उभी होती. अनवाणी. चपला शेजारी, जोडीने, नीट लावलेल्या. एक पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर.

हाक मारायचा धीर बाईंना झाला नाही. मागून जाऊन त्यांनी तिचा दंड गच्च धरला.

"अगं, हात मोडशील माझा."

"काय करतेस इथे?"

"पाय भरून आले होते, म्हणून चपला काढल्या."

"आणि पाय वर का ठेवलास?"

ताईने आपल्या पायाकडे पाहिलं, जणू तो कुणा परक्याचा होता. हळूच खाली घेतला. "बघत होते," ती म्हणाली. "पाणी फार जवळ वाटतं इथून."

त्यानंतर बाईंनी तिला क्षणभर नजरेआड केलं नाही. स्नानाला गेली तरी दाराबाहेर उभ्या राहायच्या. ताई वैतागली, मग हसली. पुढच्या तासाला बाईंनी तिला वाचनालयात आणून शेजारच्या खुर्चीत बसवलं. भीती त्यांनाही होती, पण गणिताच्या माणसाला पडताळा लागतो.

"ही बघा माझी ताई," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "ठणठणीत आहे. आता असलं काही बोलायचं नाही."

ताईने पोरांना हात केला.

एकाही मुलाने हात केला नाही. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. एकीच्या चौकटीत तिची आई मागून आली आणि पडद्याकडे बघून तिने तोंडावर पदर घेतला.

"बाई," शंकासुर अगदी हळू म्हणाली, "तिथे कुणी नाहीये."

ताईचा हात अजून वरच होता.

बोट बंदराला लागली तशी बाईंनी सामान बांधलं. पुढचा निम्मा प्रवास बाकी होता. ताईने एकदाच विचारलं, "तुझ्या भाऊजींच्या पैशांचा समुद्र अर्धवट टाकायचा?" बाई म्हणाल्या, "हो." उरलेला प्रवास सोडल्याची एक सही करून दोघी खाली उतरल्या. बोट भोंगा देऊन निघाली. पार लहान होईपर्यंत बाई धक्क्यावर ताईचा हात धरून उभ्या होत्या. मग त्यांना हुंदका फुटला. ताईनेच त्यांना थोपटलं. "वेडी आहेस," ती म्हणाली, पण आवाजात माया होती. पायाखालची जमीन हलत नव्हती, एवढ्यानेही ताईचा चेहरा उजळला होता.

विमान दोन दिवसांनी होतं, तोवर हॉटेलात खोली घेतली. सकाळी ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, उन्हाचा पट्टा भिंतीवर आला होता, खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. बाईंनी टेबलावर लॅपटॉप उघडला. जमिनीवरचं इंटरनेट. वर्ग झटकन जुळला.

"सुप्रभात," त्या म्हणाल्या.

पोरं गोंधळलेली दिसली. "बाई, आवाज दोनदा येतोय."

"थांबा, बघते."

"बाई, तुम्ही पण दोनदा दिसताय."

बाईंनी चौकटी न्याहाळल्या. सगळ्यांत खालची चौकट अंधारी होती. तिच्यात एक गोल खिडकी होती, खिडकीबाहेर पाणी वरखाली होत होतं. टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अंगात बाईंचाच निळा स्वेटर. हातात पेन होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

लॅपटॉप मिटायला बाईंनी हात उचलला. तो अर्ध्यावरच राहिला.

त्या चौकटीतल्या बाईंनी मान वर केली. त्यांची नजर बाईंवर नव्हती. बाईंच्या खांद्यावरून मागे, पलंगाकडे बघत होत्या. बराच वेळ. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि वर्गात बोलतात तशा शांत आवाजात म्हणाल्या, "त्यांना विचारा बरं, त्या कुठून बोलतायत."



शंकासुर गुणी पोर. बाईंनी सांगितलेलं तिने कधी टाळलं नव्हतं. "बाई," तिने विचारलं, "तुम्ही कुठून बोलताय?"

पलंगावरून ताईला पडदा दिसत नव्हता. तिला फक्त पोरीचा आवाज ऐकू आला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोरांचं बोलणं नेहमीसारखं वाटलं.

"सांग की तिला," ताई हसून म्हणाली, आणि मग स्वतःच मोठ्याने सांगितलं. "बंदरासमोरचं पांढरं हॉटेल, बाळा. तिसरा मजला, जिन्यालगतची खोली."

खालच्या चौकटीतल्या बाईंनी मान हलवली, फळ्यावर बरोबर उत्तर आलं की हलवतात तशी. पत्ता उतरवून घेतला, पेनाला टोपण लावलं आणि त्या उठल्या.