खालच्या पट्टीत

जिन्यावर एक आजोबा अडखळले आणि ती धावली.

पाय घासत, पायरी चाचपत ते उतरत होते. कमरेत वाकलेले, कठड्याला बिलगलेले. बाहेर मळभ इतकं की जिन्यात भरदुपारी दिवा लागलेला. तिने त्यांचा दंड धरला, दुसरा हात पाठीला लावला.

“सावकाश, आजोबा... घाई नाही आपल्याला. मी आहे ना.”

“तुम्ही आहात हे बरंच आहे,” आजोबा म्हणाले, “पण आजोबा व्हायला मला आधी लग्न करावं लागेल.”

त्यांनी पिवळट काचांचा चष्मा वर सारला. आत तिशीतले दोन डोळे – आणि ते हसत होते!

अंगावर वजनं शिवलेला सूट, गुडघ्यांना ताठ पट्ट्या, हातांत जाड मोजे, कानांवर गच्च टोप्या. तरुणांना तासभर म्हातारं करणारा हा सूट त्यानेच बनवला होता.

“एवढ्या टोप्यांतून माझं ऐकू आलं तुम्हाला?”

“तुमचंच आलं. या बारीक आवाज अडवतात. पाखरांचे, पोरांचे, चमच्यांचे. म्हातारपणी तेच आधी जातात. तुम्ही खालच्या पट्टीत बोललात, सावकाश. कुठे शिकलात?”

“घरी,” ती म्हणाली, आणि तिने हात काढून घेतला.

विद्यापीठाच्या त्या मजल्यावर निरोगी म्हातारपणाचा अभ्यास चाले. डॉक्टर, इंजिनिअर, आहारवाले, समाजशास्त्राचे प्राध्यापक, सगळे एका छपराखाली आणि कुणाचं कुणाशी पटत नसे. ती फिजिओथेरपिस्ट. तपासणीला येणाऱ्या आज्या तिला ‘चालवतेबाई’ म्हणत. तो झाला ‘सूटवाला’. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आज्यांना मात्र कळलं.

“चालवतेबाई, त्या सूटवाल्याचा तोल अलीकडे फार जातो गं,” एक आजी म्हणाली. “तू दिसलीस की जास्तच!”

ती हसे. हसता हसता खिडकीकडे पाही. काचेवरून थेंब ओघळत असत, एकामागे एक, कंटाळल्यासारखे.

घरी वडील होते. साठीच्याही आत ते विसरू लागले. आधी चाव्या, मग रस्ते, मग ती. आता ते तिला ‘बाई’ म्हणत, परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने. आई त्यांना चमच्याने भरवी, आणि मग स्वतः ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवी. त्या पाठीकडे पाहूनच तिने ठरवलं होतं – वडिलांचं हे उद्या माझ्यात आलं, तर ही भिंत मी कुणाच्या वाट्याला येऊ देणार नाही.

म्हणून तो जवळ आला, की ती काम काढी.

मग एका सकाळी तो म्हणाला, “दूरच्या विद्यापीठात बोलावलंय मला. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

“छान!” ती म्हणाली. “मग जायच्या आधी तुझा सूट मला एकदा घालून बघू दे. आज्यांना नुसतं चालवते. त्यांचं चालणं अंगावर घेतलंच नाही कधी.”

त्याने पट्ट्या आवळल्या, चष्मा लावला, टोप्या दाबल्या. जग पिवळं, धुरकट झालं. पाऊल उचलेना. लांबलचक व्हरांड्यातून ती निघाली, कोपर त्याच्या हातात. बाजूने कपबशांचा ट्रे गेला; तिला किणकिण ऐकू आली नाही.

आणि तो बोलू लागला. समोर बघत, स्वतःशीच बोलावं तसा.

“ऐकू येत नाहीये तेच बरंय... वडिलांचं एकदा सांगितलंस, तेव्हापासून तू कशाला भितेस ते कळतं मला. विसरशील ना, विसर. मी रोज तुझ्यासमोर जिन्यावर अडखळेन. तू रोज धावून येशील... पण तू मला ‘थांब’ म्हणायची नाहीस. मग मी थांबू तरी कशाच्या जोरावर?”

दुःखात माणसाचा आवाज आपसूक खाली उतरतो, हे तो सूटवाला विसरला होता. शब्दन्‌शब्द आत आला.

ती चालत राहिली. चष्म्याआड डोळे भरले; पुसायला जाड मोजे. व्हरांडा संपला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आता तू घाल.”

“मी? मला काय नवीन आहे त्यात?”

“घाल म्हणते ना!”

त्याने घातला. ती कुजबुजली, “वेडा आहेस.”

“काय?” तो ओरडला. “ऐकू येत नाही!”

तेवढ्यावर सोडता आलं असतं. तो गेला असता... घरातली ती भिंत तिची तिच्यापाशीच राहिली असती. ती त्याच्या कानाशी सरकली. वडिलांशी बोले त्याच आवाजात, सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, “आधी माझं घर बघ. आईची पाठ बघ. आणि मग... जमलं तर थांब.”

कानांवर टोप्या असलेली माणसं बोलतात तसा, इमारत दणाणेल एवढ्याने तो म्हणाला, “मघाचं तुला ऐकू आलं होतं?”

तपासणीच्या खोलीतून आजीचा आवाज आला, “आता आम्हालाही आलं!”

संध्याकाळी मळभ तसंच होतं. तिच्या घरी त्याने आईच्या हातातला चमचा अलगद घेतला.

“हे कोण?” वडिलांनी विचारलं.

“जिन्यावरचा,” तो म्हणाला, सावकाश, खालच्या पट्टीत.

दोन घास झाले.

“हे कोण?”

“जिन्यावरचा.”

आई ताट घेऊन उठली, भिंतीपाशी गेली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग परत आली आणि सगळ्यांकडे तोंड करून जेवायला बसली.