सुनेची अंगठी

अंगठी खोटं बोलत नाही, तिला विकणारा बोलतो. जुन्या अंगठ्या दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, एवढं तरी कळतं. म्हणून लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंनी दुकानात येऊन डबी पुढे सरकवली, तेव्हा मी आधी भिंग डोळ्याला लावलं आणि मग त्यांना बसा म्हटलं.

"लग्न ठरलं की आमच्याकडे थोरल्या सुनेला हीच घालतात. मी धाकटी," त्या म्हणाल्या. "जरा सैल होतेय. तुम्हीच कमी करून द्या."

वस्तू नामी होती. कडं पिवळ्या सोन्याचं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं, त्यावर कोरलेल्या वेली. हिऱ्याभोवती प्लॅटिनमच्या तारांची जाळी, ती पुढच्या पिढीची. बाजूचे चौकोनी निळे खडे त्याहून अलीकडचे, सरळ रेषांची फॅशन आली तेव्हाचे. तीन सुनांनी आपापल्या काळाची हौस एकाच अंगठीवर भागवली होती.

अंगठी लहान करायची तर तळाशी चिमूटभर सोनं कापून टोकं जोडायची. आधी आच दिली की जुने सांधे रंग बदलून दिसतात. अंगठी मोठी केली असेल तर मध्ये तुकडा घातलेला असतो, म्हणून सांधे जोडीनं दिसतात. इथे एकेकटे नऊ होते. जोडाचा धातू तीन काळांचा, प्रत्येक काळाचे तीन सांधे. म्हणजे प्रत्येक सून तीनदा बारीक झाली होती आणि अंगठी मोठी करायची वेळ कुणावरच आली नव्हती. बायकांची बोटं वयाबरोबर जाड होतात. माझा निम्मा धंदा त्यावर चालतो.

आणि नऊदा कापलेली अंगठी अजून सैल कशी? कळेना. पण साप साप म्हणून भुई कोण धोपटणार? कापली.

तीन आठवड्यांनी लेक माडीवरून दुकानात आली. "बाबा, पुन्हा फिरतेय हो."

तिचा चेहरा उतरला होता. लग्नाची धावपळ, असं दोघंही म्हणालो. मी दुसऱ्यांदा कापली. महिन्याभरात तिला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांना काही सापडेना. अंगठी परत सैल.

"काढून ठेव," मी म्हटलं. "हरवली म्हणून सांगतो मी त्यांना."

"बाबा, सोनारानं कान टोचायचे असतात, लग्नं मोडायची नसतात." ती हसली आणि खोकत राहिली. "तुम्ही नाही केलीत तर दुसरा कुणी करेल."

"कुणी करायची नाही!" मी ओरडलो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. अंगठी तिच्या बोटातून काढून घेतली, तिजोरीत टाकली आणि किल्ली खिशात ठेवली.

संध्याकाळी होणाऱ्या विहीणबाईंचा फोन आला.

"किती वेळा कमी केलीत?"

"दोनदा."

"मग होत आलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी उठल्याबरोबर मूस तापवली. वितळवून टाकायचीच. किल्ली खिशातच होती. अंगठी चिमट्यात धरली, सवयीनं आधी आच दिली.

बारा सांधे.

बारावा ताजा होता.

भिंग लावलं. कानशीचे ओरखडे उलट्या दिशेचे होते, डाव्या हाताचे. मी डावखुरा आहे. बाजारात दुसरा डावखुरा कारागीर नाही.

मग मी पहिले नऊ सांधे पाहिले, सव्वाशे वर्षांपासूनचे.

सगळे ओरखडे तसेच.

अंगठी मुशीत टाकली. सोनं वितळेपर्यंत उभा राहिलो आणि तिला सांगायला वर धावलो.

लेक झोपलेली दिसली. हात पांघरुणावर होता. मी तो हातात घेतला. गार होता.

फक्त अंगठीच्या बोटाभोवती एक बारीक पट्टा होता, आणि तिथे हात ठेववत नव्हता, इतका तो तापला होता.