रुमाल सोडला तो दिवस

"मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कायद्यानं सांगायची गरजच नव्हती!" नोल्वेननं विमा कंपनीचं पत्र टेबलावर आपटलं.

फ्रान्समधल्या दुआर्नने बंदरातल्या खासगी गुप्तहेर आर्मेल कॅरवेला यांनी चष्मा लावला. शेजारी त्यांचा जुना साथीदार, निवृत्त पोस्टमन फान्श, लोण्यानं थबथबलेला केक खात होता.

नोल्वेन चोपन्न वर्षांची. आईच्या घरातला बहिणीचा वाटा विकत घ्यायला तिनं पंधरा वर्षांचं कर्ज मागितलं होतं. विमा नाही तर कर्ज नाही. शुक्रवारी नोटरीकडे सही झाली नाही, तर घर पॅरिसच्या कुणा हौशी माणसाच्या घशात जाणार. ती त्याच घरात जन्मली होती.

पत्रात होतं : निनावी माहितीनुसार तुमचे कर्करोगाचे उपचार जुलै २०२१मध्ये संपले. पाच वर्षं झालेली नाहीत. खुलासा करावा.

"तारीखसुद्धा धड नाही! माझे उपचार मार्च २०२०मध्ये संपले. उपचार संपून पाच वर्षं उलटली की आजार सांगावा लागत नाही, असा कायदाच आहे. म्हणून तर अर्जात आजार लिहिला नाही."

"कारकुनाची चूक," फान्श म्हणाला.

"एवढी नेमकी चूक?" आर्मेलबाईंनी विचारलं. "अर्ज कुठं केलाय, कुणाला ठाऊक होतं?"

"तिघांनाच. तांगी, आनिक आणि सोआझिग." नोल्वेनचा आवाज चिरकला. "तिघंही माझीच माणसं हो."

तांगी तिचा जोडीदार. तो होडीला रंग लावत होता.

"घर ओलं, छप्पर गळकं. मला नकोच आहे ते. पण तिला हवंय ना! उपचारांना मीच न्यायचो. शेवटच्या दिवशी लॉकडाऊन लागलेला. मला आत सोडेनात, दोन तास गाडीत बसलो होतो."

आनिक तिची मैत्रीण आणि घरमालकीणही.

"ती आईच्या घरी राहायला गेली तर माझा फ्लॅट रिकामा पडेल, खरंय. म्हणून चुगली करीन? शेवटच्या दिवशी वॉर्डात केक न्यायचा असं आम्ही ठरवलेलं. लॉकडाऊननं सगळं बोंबललं. सोळा महिने उशिरा धक्क्यावर कापला तो. तेव्हाच तिचा डोक्याचा रुमाल समुद्रात सोडला."

धाकटी बहीण सोआझिग मात्र फणकारली.

"मला काय ठाऊक तिच्या आजारपणाचं? मी तेव्हा तिकडे हिंदी महासागरात, रेयुनियों बेटावर शिकवत होते. कुणी कळवलंसुद्धा नाही. परत आले ती थेट त्या केकलाच. आणि पॅरिसवाला दुप्पट देतोय, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय."

"ही तरी सुटली," बाहेर येऊन फान्श म्हणाला. "हिला काही माहीतच नव्हतं."

"तेच तर," आर्मेलबाई म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी सगळे आईच्या स्वयंपाकघरात जमले. भिंतीवर धक्क्यावरच्या केकच्या दिवसाचा फोटो होता.

"निनावी पत्र लिहिणाऱ्याला जुलै २०२१ ही तारीख खरी वाटत होती," आर्मेलबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये सोळा महिने मिळवा. केक कापला तो महिना येतो. तांगी शेवटच्या दिवशी हॉस्पिटलबाहेर होता. आनिकचा केक त्या दिवशी राहून गेला. हे दोघं ती तारीख चुकणारच नाहीत. उपचार संपले की केक, हे सगळ्यांना ठाऊक. तो उशिरा कापला हे ज्याला ठाऊक नाही, तोच केकचा दिवस उपचारांचा शेवट समजेल."

सगळ्यांच्या नजरा सोआझिगकडे वळल्या.

"मी खोटं काही लिहिलं नाही!" ती ओरडली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

फान्शनं हातातला घास खाली ठेवला.

"हॉस्पिटलचा दाखला मी सकाळीच विमा कंपनीकडे पोचवलाय," आर्मेलबाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी विमा मंजूर केलाय. उद्या सही होईल."

नोल्वेनला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला.

"तू एवढी लांब. उगाच जीव टांगणीला लागेल म्हणून कळवलं नव्हतं गं." तिचे डोळे वाहत होते. "आणि तू परत आलीस, त्याच दिवशी आजाराचं सांगितलं. बघ ना, रुमाल समुद्रात सोडायला मी तुझ्याच हातात दिला होता."