ड्रायव्हरची सीट गरम कशी?

"इकडे या तिघं. या सीटवर हात ठेवून बघा," काका म्हणाले.

ताईने आधी हात ठेवला, मग तिच्या धाकट्या भावाने, टिल्लूने, आणि शेवटी काकांच्या मुलीने. दिवसभर तोंड चालू असायचं म्हणून तिला सगळे मैना म्हणत. बाहेर इतकी थंडी होती की गाडीच्या काचा धुरकट झाल्या होत्या. शेजारची सीट बर्फासारखी गार होती. ड्रायव्हरची सीट मात्र चक्क गरम होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"कळलं ना? रात्री माझ्या गाडीत कुणीतरी बसतं, गाणी ऐकतं आणि बॅटरी संपवतं," काका म्हणाले.

मग रोजच्यासारखा तिघांनी मागून धक्का दिला. गाडी इमारतीखालून कुरकुरत फाटकापर्यंत गेली, खोकली आणि सुरू झाली. ताई आणि टिल्लू सुट्टीला आले होते तेव्हापासून सकाळचा हाच व्यायाम होता. काका नवी बॅटरी आणणार होते, पण चोर सापडल्याशिवाय ती तरी कशाला आणायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

गाडी जुनीच होती, पण सुट्टीच्या आधी काकांनी तिच्यात नवा टेप आणि मोठाले स्पीकर बसवून घेतले होते. गाण्याच्या बाबतीत काकांचा एक नियम होता. गाणं अर्ध्यात तोडायचं नाही. घर आलं, गाडी लावली, किल्ली काढली, तरी गाणं संपेपर्यंत सगळ्यांनी आत बसून राहायचं. आदल्याच दिवशी एका लांबलचक गाण्यापायी टिल्लूचं आइस्क्रीम त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

काकांचा संशय कुणावर, हे सांगायची गरजच नव्हती. इमारतीखाली जागा कमी, म्हणून गाड्या एकामागे एक लावत. पुढची काढायला मागची हलवावी लागे, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या फाटकाजवळच्या खोलीत खिळ्यांवर टांगलेल्या असत. त्या खोलीत राखणदार राहत. त्यांना लहानथोर सगळेच गेटमामा म्हणत. काकांचा नवा टेप पहिल्यांदा वाजला, तेव्हा "वा, काय आवाज आहे," असं तेच म्हणाले होते. आता ते वाक्य त्यांच्या अंगाशी आलं होतं.

काकांनी अध्यक्षबाईंकडे तक्रार केली. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत आणि इमारतीचा कारभार बघत. त्यांनी गेटमामांना बोलावून विचारलं. गेटमामांनी मान हलवून फक्त नाही म्हटलं. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की रविवारी खोली रिकामी करा.

दुपारी मुलं त्यांच्याकडे गेली. गेटमामा कपड्यांच्या घड्या घालत बसले होते.

"मामा, तुम्ही भांडत का नाही?" मैनाने विचारलं.

"सीट गरम असते. मी स्वतः हात लावून बघितला. मग भांडू कशाच्या जोरावर?"

"दुसरीकडे काम मिळेल ना?" टिल्लू म्हणाला.

"काम मिळेल रे. पण तुमच्या मामी याच खोलीत गेल्या, गेल्या वर्षी. मी अजून भिंतीकडच्या बाजूला झोपत नाही. ती त्यांची बाजू." एवढं बोलून त्यांनी पुढचा शर्ट उचलला.

बाहेर आल्यावर तिघांनी ठरवलं, खरा चोर आपणच शोधायचा.

त्यांचा पहिला संशय मांजरावर होता. फाटकापाशी एक लठ्ठ बोका हिंडायचा. पण काचा बंद, दारं बंद, आणि बोक्याने टेप लावला असेल यावर टिल्लूचाही विश्वास बसेना. मग ताईने काकांना गळ घातली, की आज किल्ली खिळ्यावर ठेवू नका, स्वतःच्या उशाखाली ठेवा. काकांनी ठेवली. सकाळी सीट गरम ती गरमच, आणि बॅटरी ठार.

मुलांना वाटलं, गेटमामा सुटले. पण काका म्हणाले, की त्यांनी दुसरी किल्ली बनवून घेतली असणार.

"बाबांना चोर इतका आवडलाय की ते त्याला सोडायला तयार नाहीत," मैना जिना चढताना पुटपुटली.

ताई मात्र विचार करत होती. किल्ल्या कुणी दहा बनवेल, पण आत बसायचं तर दार उघडायलाच हवं. शनिवारी संध्याकाळी ती कागदाच्या पट्ट्या आणि डिंकाची बाटली घेऊन अध्यक्षबाईंच्या दारात उभी राहिली. तिची मागणी साधी होती. गाडीच्या प्रत्येक दारावर आणि डिकीवर पट्टी चिकटवायची, अर्धी दारावर, अर्धी गाडीच्या अंगावर, आणि पट्टीवर बाईंनी स्वतःची सही करायची. दार उघडलं तर पट्टी फाटणारच.

बाईंना हा पोरखेळ वाटला. तरी त्या खाली आल्या. टेप बंद आहे आणि आत कुणी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, काकांना कुलूप लावायला सांगितलं आणि पाचही पट्ट्यांवर सह्या केल्या.

रविवारी सकाळी फाटकाजवळ हातगाडी उभी होती. गेटमामा तिच्यावर बोचकी चढवत होते. मुलं काकांना आणि अध्यक्षबाईंना जवळजवळ ओढतच गाडीपाशी घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावून एकेक पट्टी तपासली. सगळ्या जशाच्या तशा होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी फाडली, काकांनी दार उघडलं आणि सीटवर हात ठेवला. त्यांचा चेहरा बदलला.

"गरम आहे," ते हळूच म्हणाले. किल्ली फिरवली तर नुसतं टक असा आवाज आला.

बाईंनीही हात लावून बघितला. "मग बसलं कोण?"

"कुणीच नाही," ताई म्हणाली. "ऊब वरून आली नसेल, तर खालून आली असेल. टिल्लू, तुझा हात बारीक आहे. सीटखाली घाल."

टिल्लू खांद्यापर्यंत आत गेला. "इथे एक डबा आहे. वरच्यापेक्षा गरम. आणि त्याच्यावर लाल दिवा लागलाय."

काका गुडघ्यांवर बसून वाकले. तो स्पीकरचा ॲम्प्लिफायर होता. नव्या टेपबरोबरच बसवलेला, आणि तेव्हापासून काका त्याला विसरूनही गेले होते. पण टेप तर बंद होता, मग हा चालू कसा?

"बाबा, दुकानात तुम्ही काय सांगितलं होतं आठवतंय?" मैनाने विचारलं. "किल्ली काढली तरी गाणं थांबता कामा नये, म्हणून."

काकांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, की हो, म्हणून तर डब्याची वायर थेट बॅटरीला जोडून दिली. टेप बंद केला तरी तो डबा जागाच राहतो. त्यासाठी एक बटणही बसवलं होतं, रात्री तेवढं बंद करायचं. सांगायचं राहून गेलं बहुतेक.

काकांनी फोन खिशात टाकला. ते तडक फाटकाकडे चालू लागले. सगळे मागोमाग गेले.

"गेटमामा, माझ्या गाडीत कुणीच बसत नव्हतं. माझ्याच डब्याने बॅटरी खाल्ली," काका म्हणाले. "मी न बघता तुमचं नाव घेतलं. माझं चुकलं. मला माफ करा."

गेटमामा हातातलं बोचकं धरून तसेच उभे राहिले. त्यांनी काकांकडे नाही, अध्यक्षबाईंकडे बघितलं. "मग खोली?"

"खोली तुमचीच आहे. चूक माझीही झाली," बाई म्हणाल्या.

गेटमामा हातगाडीच्या काठावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी चेहरा पुसला, आणि बराच वेळ हात काढलेच नाहीत. टिल्लू त्यांना चिकटून बसला.

अध्यक्षबाई ताईकडे वळल्या. "आम्ही मोठी माणसं सीटवर हात ठेवून मोकळे झालो. खाली बघायचं फक्त तुम्हा तिघांना सुचलं. शाबास." टिल्लूचे कान लाल झाले. काका म्हणाले, की असे गुप्तहेर घरात असताना यापुढे आपण चोर शोधायच्या भानगडीत पडणार नाही.

मग सगळ्यांनी मिळून सामान परत आत नेलं. गेटमामांनी सगळ्यांना चहा करायचं ठरवलं, पण चहाचा डबा कुठल्या बोचक्यात गेला ते त्यांनाच आठवेना. पहिल्यात चादरी निघाल्या, दुसऱ्यात ताटल्या. अध्यक्षबाई जमिनीवर बैठक मारून तिसऱ्याची गाठ सोडायला लागल्या. गाठ काही सुटेना.

"अहो, एवढं घट्ट कशाला बांधलंत?"

"लांब जायचं होतं ना," गेटमामा म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच मनापासून हसले.