मनोरमाराजेंच्या पुढची जागा

दूध आटायला अजून वेळ आहे, तोवर ऐका. यतीन, तो मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत जातोय. कोजागरीला वरचा चंद्र बघायचा असतो, तुझा तो डबा नाही. आणि क्षितिजा, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये हसलीस तर मी उठून जाईन, मग बसा गरबा खेळत.

ही गोष्ट माझी नाही, ज्ञानदेवची आहे. खोटी असेल तर पाप त्याच्या माथी. शेवटचा तुकडा मात्र मी या डोळ्यांनी पाहिलाय, तेवढा माझ्या माथी.

ज्ञानदेव राहतो चेण्याला, वरसाव्याच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतो. पण माणूस भाटाच्या घरातला. त्याचे बापजादे साताऱ्याकडे राजेरजवाड्यांच्या, सरदारांच्या पिढ्या सांगत फिरायचे. पिढ्या सांगायच्या म्हणजे घराण्याचा मूळपुरुष कोण, त्याचा मुलगा कोण, त्याचा कोण, असं करत करत समोर बसलेल्या माणसापर्यंत यायचं. कागद नाही की काही नाही, सगळं तोंडपाठ. एकेका नावाला एक सुपारी मांडायची. शेवटी समोरच्या जित्या माणसाचं नाव आलं की त्यानं हुंकार द्यायचा. नुसतं "हं". तेवढ्यावर घर चालू आहे असं धरायचं.

आणि हुंकार आलाच नाही, तर भाटानं पाण्याचा तांब्या पालथा घालायचा. घर मिटलं. ती नावं पुन्हा कोणाच्या तोंडी यायची नाहीत.

आता आपल्या इंद्रलोक सोसायटीत सरदार कुठून आले म्हणाल. होते बाबांनो. चारशे दोनमध्ये होते. तुमचा बॉल गॅलरीत गेला की परत न देणारी ती आंटी आठवते ना, ती. मनोरमाबाई. नवरा विक्रमराव विमा कंपनीत कारकून होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. कोंढवळीकर सरदारांचं शेवटचं घर म्हणजे तो वन बीएचके. बिल्डिंगमध्ये कोणाला पत्ता नव्हता. मी सेक्रेटरी, समोर चारशे एकमध्ये राहणारा, मलाही नव्हता. एका सर्वपित्रीला हा ज्ञानदेव गेटवर उभा दिसला. मी विचारलं, "किसके यहाँ जाना है?" तर म्हणाला, "आईसाहेबांकडं." मी म्हटलं, इथं कोण बाबा आईसाहेब?

पुढच्या वर्षी बाईंनी मलाही बोलावलं. "बबनराव, कोणीतरी ऐकणारं हवं," म्हणाल्या. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, खुर्चीत ताठ बसलेल्या. ज्ञानदेव सांगत गेला, सुपाऱ्यांची रांग लांबत गेली. "...त्यांचे पुत्र विक्रमराव. त्यांच्या राणीसाहेब मनोरमाराजे." बाई म्हणाल्या, "हं." एरवी दूधवाल्याशी हुज्जत घालणारी बाई, पण तो हुंकार ऐकून मी सरसावून बसलो.

ज्ञानदेव सुपाऱ्या गोळा करायला वाकला. तर त्या म्हणाल्या, "थांब जरा."

"आईसाहेब, झालं की सगळं."

"माहितीये मला. तरी थांब."

मग आम्ही तिघं गप्प बसलो. बाई आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "उचल आता."

जिन्यात मी ज्ञानदेवला विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "दर वर्षीचं आहे काका. वर्षातून एकदा कोणीतरी राजे म्हणतं, तेवढं पुरवून घेत असतील." मलाही ते पटलं. एकट्या माणसाचं असंच असतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाई गेल्या. सकाळी शेवंती धुण्याभांड्याला आली तर दार उघडेना. पुण्याहून भाचा आला, अग्नी दिला, ट्रक लावून घर रिकामं केलं. चमचासुद्धा ठेवला नाही. फ्लॅट विकायचा म्हणून चावी माझ्याकडे देऊन गेला.

आणि आली सर्वपित्री. शनिवार होता. खाली गरब्याचा मंडप लागलेला, दुसऱ्या दिवशी घट बसणार. रात्री नऊ वाजून गेल्यावर माझी बेल वाजली. दारात ज्ञानदेव, हातात पिशवी. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकून घामाघूम झालेला.

"काका, चारशे दोनची चावी द्या."

"आता कोण आहे तिथं?"

"कोणी नाही, म्हणूनच आलोय. पिढ्या सांगतो, तांब्या पालथा घालतो आणि निघतो. घर असं उघडं सोडू नये, बाप सांगून गेलाय."

"अरे, पण दिवस बुडाल्यावर पितरांची नावं घेत नाहीत, असं तूच म्हणाला होतास ना?"

"नाहीच घेत." तो चप्पल काढता काढता म्हणाला. "पण आज नाही झालं तर वर्षभर लटकलं. त्यांना आता कोण आहे, काका?"

मी म्हटलं, चल, मी येतो सोबत. तो नको म्हणाला. दुसरं माणूस असलं की हुंकाराचा घोळ होतो. मग मी तांब्याभर पाणी दिलं, चावी दिली आणि माझं दार उघडं ठेवून बसलो. पुढचं त्यानं सांगितलेलं.

आत लाइट नव्हती, कनेक्शन तोडलेलं. त्यानं पिशवीतलं निरांजन लावलं. खुर्ची जिथं असायची तिथं भिंतीवर नुसता तिचा घासलेला डाग. त्या डागासमोर तो लादीवर बसला. सुपाऱ्या मोजून आणलेल्या, जेवढी नावं तेवढ्याच. खाली मंडपात कोणीतरी "हॅलो, हॅलो, माइक चेक" करत होतं, त्यावर आवाज चढवून त्यानं सुरुवात केली. मूळपुरुष हैबतराव. त्यांचे पुत्र दौलतराव. त्यांचे अमृतराव. रिकाम्या घरात प्रत्येक नाव परत ऐकू यायचं.

दहा वाजले. माइक बंद झाला.

आता त्याचा एकट्याचा आवाज.

"त्यांचे पुत्र विक्रमराव." सुपारी ठेवली. "त्यांच्या राणीसाहेब... मनोरमाराजे." शेवटची सुपारी. पिशवी रिकामी.

हुंकार नाही. यायचा नव्हताच. ज्ञानदेव म्हणाला, "काका, तेव्हा मला भीती नाही वाटली. रडू आलं. एवढं मोठं घराणं, आणि मिटवायला कोण, तर हॉटेलातला स्टोअरकीपर."

त्यानं तांब्याला हात घातला. उचलला. आणि हात थांबला. इतक्या वर्षांची सवय... थांब जरा.

तो थांबला.

खाली सगळं शांत. लिफ्टही नाही. काही नाही.

आणि आतल्या खोलीतून आलं...

"अं..."

मोठ्या माणसाचं नव्हे. तान्ह्याचं. रडणं नाही. आपण बोललो की पाळण्यातलं पोर स्वतःशी करतं, तसं.

ज्योत हलली नाही. वारा नाही. आतलं दार सताड उघडं. आत काळोख.

तो बघत राहिला.

"अं..."

आता जवळून. दाराच्या अलीकडून.

ज्यानं हुंकार दिला त्याचं नाव रांगेत यायलाच हवं. नियम आहे. नाव कुणाचं घ्यायचं? मनोरमाराजेंच्या पुढं नावच नाही. बापानं शिकवलेलं तिथं संपतं. समोर काहीतरी वाट बघतंय... एवढंच त्याला कळत होतं.

मग तो कसाबसा म्हणाला, "बाळराजे."

सुपारी उरली नव्हती. त्यानं बोट पाण्यात बुडवलं. शेवटच्या सुपारीच्या पुढं लादीवर एक ओला ठिपका ठेवला.

...

नंतर काही नाही.

तो बाहेर आला तेव्हा माझ्यासमोरच आला. तांब्या आत तसाच भरलेला ठेवून आला होता. माझ्या घरात बसून त्यानं हे सगळं सांगितलं, आणि हातातला पाण्याचा ग्लास शेवटपर्यंत प्यायला नाही. चारशे दोनला कुलूप मी स्वतः घातलं. चावी रात्रभर माझ्या उशाखाली.

सकाळी शेवंती माझ्याकडे आली. नवघर गावातली ती, दादर सोडून बाई इथं आल्या तेव्हापासून त्यांच्याकडे होती. मी विचारलं, "शेवंती, बाईंना मूल झालेलं का गं?"

तिनं नळ बंद केला.

"झालेलं," ती म्हणाली. "दादरला असताना. बारशाच्या आदीच गेलं. नाव ठेवलं न्हाय, म्हणून पिढीत न्हाय. बाई मलाच एकदा बोलल्या, मंग कदी न्हाय. त्याच्या हातातली मनगटी तेवढी ठेवलेली व्हती डब्यात. काळ्या मन्यांची, येवढीशी."

"ती कुठंय आता?"

"त्यांच्यासंगती गेली. मीच मुठीत दिली, उचलायच्या आदी. भाच्याला सांगितलं न्हाय, उगाच बोलला असता."

अग्नी दिला तेव्हा मी स्मशानात होतो. ती बंद मूठ मी पाहिली होती.

मला खूप वाईट वाटलं, खरं सांगतो. ज्या हुंकारासाठी ती बाई दर वर्षी आम्हांला थांबवत होती, तो आला, आणि ऐकायला ती नव्हती. आयुष्यभर एकटी बसली, आणि आता ते पोर एकटं. मी शेवंतीला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, चल, तिथं निरांजन राहिलंय, उचलून आणू.

कुलूप जसंच्या तसं. आत उन्हाचा पट्टा आलेला. निरांजन विझलेलं. तांब्या भरलेला. सुपाऱ्या रांगेत, हैबतरावांपासून मनोरमाराजेंपर्यंत, एकही हललेली नाही.

आणि त्यांच्या पुढं, ठिपक्याच्या जागी... मनगटी होती.

काळ्या मण्यांची. दोन बोटं जेमतेम जातील एवढी. मध्ये एके ठिकाणी लाल दोऱ्याची गाठ.

शेवंतीनं उकिडवं बसून गाठ जवळून बघितली. "तुटलेली व्हती," ती म्हणाली. "लाल दोरा माजाच हाय. मीच गाठ मारलेली."

मी वाकून बोट लावलं. दोरा ओला होता.