मुनिमाची शीळ

"चंदे, पुरे आता! मुनीम ऐकन ना!" इसरूने बहिणीला दटावलं.

पण चंदा कसली ऐकते! पोट पुढे काढून, पान चघळल्यासारखे गाल फुगवून ती थेट गुणवंतराव मुनिमासारखी चालत होती. गाडीवानाला बोलावताना ते घालत, ती शेवटी गिरकी घेणारी शीळही तिने हुबेहूब घातली.

"याले इंग्रजीत मॉक म्हनतात," इसरू ऐटीत म्हणाला. "नक्कल करून खिल्ली उडवनं!"

"इंग्रज गेले, अन् तू त्याइचे शब्द घोकून राह्यला!" चंदाने टोमणा मारला.

त्यांची मैत्रीण बुधरी मात्र हसली नाही. तिचे वडील लालसू अहेरीजवळच्या लाकूड डेपोचे चौकीदार. डेपोतले सागाचे लठ्ठे गायब झाले आणि तिथल्याच मुनिमाने लालसूंवर आळ घेतला. आज रेंजरसाहेब त्यांचा चौकीदारीचा बिल्ला काढून घेणार होते.

तिला जरा बरं वाटावं म्हणून तिघं तेंदूची गोड फळं, टेंभरं, वेचायला नाल्यापलीकडे गेली. मुनिमाचा गाडीवान पोचू काठावर बैलांना पाणी पाजत होता. रानात शिरतात तोच शीळ आली. तीच गिरकी!

"मुनीम!" चंदा झुडपामागे दडली.

बुधरीने वर बोट दाखवलं. फांदीवर शेपटीला लांब पिसं असलेला काळाभोर भृंगराज पक्षी!

"हा कोनाचीबी नक्कल करते. पन घडीघडी ऐकल्याबिगर नाई शिकत," ती म्हणाली.

"अन् मुनीम तर म्हनते, वाघाच्या भेवानं मी नाला कधी ओलांडलाच नाई! मंग यानं इथं त्याची शीळ कुठून ऐकली?" चंदा ओरडली.

मग काय! तिघांनी आसपास शोधलं. एका झाडाखाली पाल्याचा मोठा ढीग दिसला; तो उपसला, तर खाली लठ्ठे! त्यांवर डेपोच्या हातोड्याने ठोकलेली खूणही तशीच!

इसरू धावत जाऊन रेंजरसाहेबांना घेऊन आला. मागोमाग लालसू आणि मुनीम.

"पाहा साहेब!" मुनीम गरजला. "याच्याच पोरीले जागा माहीत!"

लालसूंनी मान खाली घातली. ते पाहून चंदाने ओठांचा चंबू केला आणि जीव ओतून शीळ घातली.

झुडपांआडून गाडीची घरघर आली, पाठोपाठ पोचूचा आवाज. "आलो भाऊ! आज भर दिवसा लठ्ठे भरता काऊन?"

मुनिमाचं तोंड काळंठिक्कर पडलं!

"शाब्बास!" रेंजरसाहेबांनी चंदाची पाठ थोपटली. "अशी नक्कल कुठं शिकलीस?"

"याच्याइतकी नाई येत, साहेब," चंदाने भृंगराजाकडे पाहिलं.

"लालसू, चूक माझीच. नीट चौकशी न करता तुमच्यावर संशय घेतला," म्हणत साहेबांनी लालसूंच्या छातीवरचा बिल्ला स्वतःच्या रुमालाने पुसला.

बुधरीने डोळे पुसले.

"चंदे," ती म्हणाली, "आता कर ना मुनिमाची चाल!"